मर्दानगी आणि जाहिराती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेझर विकणाऱ्या जिलेटने २०१९ मध्ये पुरुषांनाच ‘नीट वागा’ असं सांगितलं, ती जाहिरात येऊन बरीच वर्षं झाली, पण विषय निघाला की आवाज अजूनही चढतात. कॉलेजच्या वादविवादात, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत, घरात टीव्हीसमोर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

‘टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी’ म्हणजे सगळे पुरुष वाईट, असंच म्हणायचंय ना?

नाही. पुरुष कसा असावा याचे काही अलिखित नियम असतात. रडायचं नाही. हरायचं नाही. मदत मागायची नाही. बाईने ‘नाही’ म्हटलं तर ते ऐकून घ्यायचं नाही. राग सोडून दुसरी कुठलीही भावना चारचौघांत दाखवायची नाही. या नियमांनी इतरांचं आणि खुद्द पुरुषाचं नुकसान व्हायला लागतं, तेव्हा त्यांना विषारी म्हणतात. कुटुंबासाठी राबणं, संकटात पुढे होणं, शब्द पाळणं याला कुणी विषारी म्हटलेलं नाही.

आपल्याकडे हे नियम पाठ करून घ्यायची फार चांगली सोय आहे. ‘बायकांसारखा रडतोस काय’, ‘बांगड्या भरल्यात का’, ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ ही वाक्यं कुठल्याही मुलाच्या कानावर दहावीच्या आत पडतात. मंत्र्यांना बांगड्यांचा आहेर करणारी आंदोलनं तर सर्वपक्षीय आहेत, आणि तो आहेर घेऊन जाणाऱ्या बहुतेकदा महिला आघाडीच्याच कार्यकर्त्या असतात. म्हणजे हे नियम एकट्या पुरुषांनी टिकवलेत असंही नाही.

ही कल्पना स्त्रीवाद्यांनी काढली का?

हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९८०–९० च्या दशकांत पुरुषांच्याच एका चळवळीतून आला. शेफर्ड ब्लिस हे त्यातलं एक नाव. जंगलात शिबिरं भरवून, ढोल वाजवून, बाप-लेकाच्या तुटलेल्या नात्याबद्दल बोलणारी ही मंडळी होती. अभ्यासकांनी तो नंतर उचलला, आणि २०१७ च्या ‘मी टू’नंतर तो सगळ्यांच्या तोंडी झाला.

पण यात जाहिरातींना कशाला ओढायचं? त्या तर फक्त वस्तू विकतात.

फक्त वस्तू विकल्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता. पुरुषाला आधी कमीपणा वाटायला लावायचा आणि मग त्यावरचं औषध त्याच्याच गळ्यात मारायचं, हा या धंद्यातला फार जुना डाव आहे.

चार्ल्स अ‍ॅटलसच्या व्यायामाच्या कोर्सची जाहिरात अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या मागच्या पानावर अनेक दशकं छापून येत होती. समुद्रकिनाऱ्यावर एक धटिंगण एका हडकुळ्या मुलाच्या तोंडावर वाळू उडवतो, सोबतच्या मुलीदेखत. मुलगा घरी जाऊन कोर्स मागवतो, शरीर कमावतो आणि परत येऊन त्या धटिंगणाला ठोसा लगावतो. मुलगी खूश. चार-सहा चित्रांत अख्खं शास्त्र सांगून झालं: अपमान झाला की उत्तर ठोशाने द्यायचं, आणि बक्षीस म्हणून मुलगी मिळते.

मार्लबोरोचं उदाहरण याहून बोलकं आहे. ही सिगारेट आधी बायकांची म्हणून विकली जायची. १९५०च्या दशकाच्या मध्यावर लिओ बर्नेटच्या एजन्सीने तिला काउबॉयच्या ओठांत दिली, आणि बायकी समजली जाणारी फिल्टरची सिगारेट जगातल्या सर्वांत ‘मर्दानी’ वस्तूंपैकी एक झाली. काउबॉय म्हणून मिरवलेल्यांपैकी काहीजण पुढे धूम्रपानाच्या आजारांनीच गेले. आपल्याकडे रेड अँड व्हाइट सिगारेटच्या नावाने तर शौर्य पुरस्कार दिले जायचे.

आता घरचीच उदाहरणं घ्या. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर आणली ती ‘डेफिनेटली मेल’ या घोषवाक्यासह. आई-बाबा, पुढे उभा राहिलेला लहानगा आणि मागे भाजीची पिशवी अशा ‘हमारा बजाज’वाल्या स्कूटरच्या कंपनीने मोटरसायकलला थेट लिंगच देऊन टाकलं. गाडी चांगली होती, धो-धो खपली. पण वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्यानंतर नाक्यावरच्या मुलाला गाडीच्या आवाजावरून मोजायची पद्धत चांगलीच रुळली.

२००५ मध्ये इमामीने ‘फेअर अँड हँडसम’ आणलं. त्याच्या जाहिरातीत मुलींची क्रीम चोरून लावणाऱ्या मुलाला लाजवलं जातं: पुरुष असून बायकांची क्रीम लावतोस? मग त्याला पुरुषांची क्रीम दिली जाते. गोरेपणाचा न्यूनगंड तसाच ठेवून त्यावर मर्दानगीचा न्यूनगंड चढवला. एका ट्यूबमध्ये दोन. मला ही जाहिरात हुशारीच्या बाबतीत अव्वल वाटते, आणि म्हणूनच जास्त खटकते.

जिलेटच्या त्या जाहिरातीत होतं तरी काय?

जानेवारी २०१९. लांबी एक मिनिट ४८ सेकंद. न्यूयॉर्कची ग्रे ही एजन्सी, दिग्दर्शन किम गेरिग या बाईंचं. १९८९ पासून जिलेटचं घोषवाक्य होतं ‘द बेस्ट अ मॅन कॅन गेट’. त्याची तिशी साजरी करताना कंपनीने ते ‘द बेस्ट मेन कॅन बी’ असं फिरवलं. म्हणजे पुरुषाला काय मिळू शकतं हे बाजूला ठेवून पुरुष काय होऊ शकतात याकडे बोट दाखवलं.

सुरुवातीला आरशात स्वतःकडे पाहणारे पुरुष आणि मागे ‘मी टू’च्या बातम्यांचे आवाज. मग एका मुलाच्या मागे लागलेलं टोळकं जिलेटच्याच जुन्या जाहिरातीचा पडदा फाडून पळत जातं. मीटिंगमध्ये एक साहेब बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला काय म्हणायचंय ते तिच्या वतीने सांगतो. बागेत दोन मुलं मारामारी करतायत आणि बार्बेक्यूच्या शेगड्यांमागे हाताची घडी घालून रांगेने उभे असलेले बाप एका सुरात म्हणतात, ‘बॉइज विल बी बॉइज’. इथून चित्र पालटतं. एकजण मित्राला रस्त्यावरच्या मुलीच्या मागे जाण्यापासून अडवतो, दुसरा धावत जाऊन मारामारी सोडवतो, तिसरा आपल्या लहान मुलीकडून आरशासमोर ‘मी खंबीर आहे’ असं म्हणवून घेतो. आज पाहणारी मुलं उद्याचे पुरुष आहेत, असं सांगून जाहिरात संपते. रेझर विकायचा प्रयत्न कुठे दिसत नाही. सोबत कंपनीने तीन वर्षं दरवर्षी दहा लाख डॉलर सामाजिक संस्थांना देण्याचं जाहीर केलं.

मग एवढा गदारोळ कशासाठी झाला?

यूट्यूबवर नापसंतीचे आकडे पसंतीच्या पुढे गेले. लोकांनी रेझर कचऱ्यात आणि संडासात टाकतानाचे व्हिडिओ टाकले. ब्रिटिश पत्रकार पीअर्स मॉर्गनने जाहीरपणे तोफ डागली. एका घड्याळ कंपनीने तर पुरुषांच्या त्यागाचं कौतुक करणारी उलट जाहिरात काढली आणि तीही जोरात पसरली. योगायोग असा की अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने पुरुष आणि मुलग्यांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांसाठी २०१८ मध्ये मंजूर केलेल्या, पारंपरिक मर्दानगीचे तोटे सांगणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर त्याच जानेवारीत चर्चा तापली होती. तेलात ठिणगी पडली.

आक्षेपांपैकी एक मला बिनबुडाचा वाटतो: ‘सगळ्या पुरुषांना शिवी दिली.’ जाहिरातीचा उत्तरार्ध पाहिला तर तिथे चुकीचं थांबवणारे सगळे पुरुषच आहेत. बाहेरून कुणी येऊन त्यांना सुधारत नाही.

दुसरा आक्षेप मात्र दमदार आहे. तीस वर्षं गुळगुळीत गालावर बाईची पापी मिळवून देणारी कंपनी एका सकाळी उठून गिऱ्हाइकाला संस्काराचे धडे देते, तेव्हा ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न रास्तच आहे. जुन्या जाहिरातीचा पडदा फाडून दाखवणं ही कबुली होती खरी, पण ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जाते. शिवाय बायकांसाठीच्या गुलाबी रेझरची किंमत जास्त का, हा प्रश्न या उद्योगाला आधीपासून विचारला जातोय, त्यावर अवाक्षर नाही.

त्या जाहिरातीमुळे जिलेटला आठ अब्ज डॉलरचा फटका बसला, हे खरं आहे ना?

हा आकडा खरा, कारण खोटं. जुलै २०१९ मध्ये मालक कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बलने जिलेटचं पुस्तकी मूल्य सुमारे आठ अब्ज डॉलरने कमी केलं. पी अँड जीने २००५ मध्ये जिलेट सुमारे ५७ अब्ज डॉलरना घेतली होती. त्यावेळी धरलेली किंमत आता उरलेली नाही, असं हिशोबाच्या वहीत लिहिणं म्हणजे ही नोंद. तिजोरीतून त्या दिवशी आठ अब्ज गेले नव्हते.

मूल्य का घटलं? पुरुष दाढी राखायला लागले, निदान रोज करेनासे झाले. डॉलर शेव्ह क्लब आणि हॅरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त ब्लेड घरपोच द्यायला सुरुवात केली. डॉलर शेव्ह क्लबला युनिलिव्हरने २०१६ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलर मोजून घेतलं. जिलेटला २०१७ मध्येच अमेरिकेत किमती उतरवाव्या लागल्या होत्या, म्हणजे जाहिरातीच्या दोन वर्षं आधी. त्यात डॉलर वधारल्याने परदेशातली कमाई कागदावर आटली.

तेव्हा ‘गेट वोक, गो ब्रोक’, म्हणजे सामाजिक भान मिरवलंत तर बुडालात, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण वापरू नये. आणि जाहिरात फार यशस्वी झाली असं म्हणणाऱ्यांनीही उड्या मारू नयेत. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जिलेटने अग्निशमन दलाच्या जवानावर जाहिरात केली आणि आपला रोख आता सामाजिक प्रश्नांकडून स्थानिक वीरांकडे वळवल्याचं सांगितलं. हात पोळले की नाही कुणास ठाऊक, पण मागे नक्कीच घेतले.

भारतात जिलेटने तसंच काही का केलं नाही?

केलं, पण सूर पार वेगळा. २००९–१० च्या सुमारास जिलेट इंडियाची मोहीम होती ‘विमेन अगेन्स्ट लेझी स्टबल’, म्हणजे आळशी खुंटांविरुद्ध बायका. दाढी न करणारा पुरुष मुलींना आवडत नाही, सबब रेझर घ्या. चार्ल्स अ‍ॅटलसचीच वाळू, फक्त जरा साबण लावून.

मग २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या वादानंतर तीन-चार महिन्यांनी, उत्तर प्रदेशातल्या बनवारी टोला या गावातल्या दोन बहिणींची गोष्ट आली. वडील आजारी पडल्यावर त्यांनी वडिलांचं सलून चालवायला घेतलं होतं, सुरुवातीला मुलांचा वेश करून. जाहिरातीत बापाबरोबर आलेला एक मुलगा हे सगळं पाहतो. मुलं जे बघतात तेच शिकतात, असा तिचा गाभा. सचिन तेंडुलकरने त्या बहिणींकडून दाढी करून घेतल्याचा फोटो सगळीकडे फिरला.

जाहिरात सुंदर आहे. पण तिच्यात एकाही पुरुषाला काही बोललेलं नाही. धाडस मुलींनी करायचं आणि पुरुषाने मोठ्या मनाने खुर्चीत बसायचं. भारतातलं गिऱ्हाईक दुखवायचं नाही हा हिशोब कंपनीने अचूक केला. चंद्रकोर लावून, मिशीला पीळ देऊन, दाढी राखून फिरणाऱ्या महाराष्ट्रातल्या पोराला ब्लेड विकायचं हेच आधी अवघड, त्यात त्याला उपदेश कोण करणार!

आणि एरियलची ‘शेअर द लोड’?

तिने निदान एक नेमकी मागणी केली: कपडे धुवा. म्हणूनच ती मला जिलेटपेक्षा सरस वाटते.

२०१५ पासून बीबीडीओ इंडियाने ही मोहीम चालवली. २०१६ ची फिल्म गौरी शिंदेची. लेकीच्या घरी आलेला बाप पाहतो: लेक ऑफिसचा फोन सांभाळत स्वयंपाक करतेय, पोराकडे बघतेय, कपडे मशीनमध्ये टाकतेय, आणि जावई टीव्हीसमोरून चहा मागतोय. बाप चिठ्ठी लिहून लेकीची माफी मागतो, की तू भातुकली खेळायचीस तेव्हा मीच तुला कधी थांबवलं नाही, तुझ्या आईला मीच कधी हातभार लावला नाही. मग आपल्या घरी जाऊन स्वतः मशीन लावतो. फेसबुकच्या शेरिल सँडबर्गने ती शेअर केली आणि जगभर गेली. जावयाला काही न बोलता बापाला बोलतं करण्यात खरी गंमत आहे. आपल्याकडे जावयाला कोण बोलणार?

मग घरात काही बदललं का?

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहा. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायकांची मिनिटं २८९ झाली. पुरुषांची वाढायला हवी होती. ती ८८ वर आली. यात जाहिरातीचा दोष काहीच नाही, एका डिटर्जंटकडून किती अपेक्षा करायच्या! पण डोळे पाणावणं आणि बादली उचलणं यांच्यात किती अंतर असतं ते यातून दिसतं.

‘मेन विल बी मेन’ तर नुसता विनोद आहे. त्यालाही नावं ठेवणार का?

हो, आणि सगळ्यांत जास्त.

इम्पीरियल ब्लू या व्हिस्कीची ही मालिका वर्षानुवर्षं चालू आहे. दारूची जाहिरात करता येत नाही म्हणून म्युझिक सीडीच्या नावाने. लिफ्टमध्ये सुंदर बाई शिरली की दोन पुरुष पोटं आत ओढतात, ती बाहेर पडली की सोडतात. पाहताना हसू येतं, मलाही आलं. त्यातल्या बऱ्याच फिल्म चतुर आहेत, कुणी कुणाला हातही लावत नाही.

पण जिलेटच्या जाहिरातीत शेगडीमागच्या बापांची रांग एका सुरात जे म्हणत होती, ते आठवा. तिकडे जे वाक्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तेच इकडे टाळ्या घेत घोषवाक्य झालं. ‘पुरुष हे असेच असायचे’ हे वाक्य एकदा मान्य केलं की पुढे काही मागायची सोय राहत नाही. बायकोशी खोटं बोललास? चालायचंच. अनोळखी बाईकडे टक लावून पाहिलंस? चालायचंच. उपदेशाची जाहिरात लोक एकदा पाहतात, वाद घालतात, विसरतात. ही वीस-पंचवीस वर्षं मॅचच्या दोन ओव्हरमध्ये येत राहिली, आणि तिच्यावर कुणी वाद घातल्याचं फारसं दिसत नाही. २०२५ मध्ये हा ब्रँड विकत घेण्याचा करार आपल्या श्रीरामपूरजवळच्या टिळकनगर इंडस्ट्रीजने केला. तेव्हा आता हे घोषवाक्य नगर जिल्ह्यातलंच म्हणायचं.

हिंसेबद्दल आपल्याकडे कुठल्या जाहिरातीने तोंड उघडलं आहे?

‘ब्रेकथ्रू’ या संस्थेची २००८ ची ‘बेल बजाओ’ मोहीम आजही या विषयातली सर्वांत नेटकी म्हणता येईल. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. एक पुरुष उठतो, त्या घराची बेल वाजवतो आणि दार उघडल्यावर वाटीभर दूध मागतो, किंवा एक फोन करू द्या म्हणतो. एका फिल्ममध्ये पोरं येऊन क्रिकेटचा चेंडू मागतात. भाषण नाही, मारामारी नाही. मारणाऱ्याला फक्त कळतं की बाहेर ऐकू गेलंय. चाळीत, सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही जमेल एवढंच मागणं. आणि ‘त्यांच्या घरातला मामला’ या आपल्या लाडक्या पळवाटेवर नेमका घाव.

२०१४ मध्ये व्होग इंडियाच्या मोहिमेत माधुरी दीक्षित होती. बाळापासून तरुणापर्यंत प्रत्येक मुलाला ‘रडायचं नाही’ असं सांगितलं जातं, आणि शेवटी तोच न रडणारा पुरुष बायकोचा हात पिरगाळताना दिसतो. मुलांना रडू नका शिकवलं, आता मुलींना रडवू नका हे शिकवू, असं माधुरी सांगते. परिणामकारक आहे, पण त्यात पाहणाऱ्याने उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्याआधीच्या वर्षी फरहान अख्तरने ‘मर्द’ नावाची मोहीम काढली, तिचं बोधचिन्ह मिशी. बलात्काराविरुद्ध उभं राहायलाही मिशीचाच आधार लागावा, हे बोलकं आहे.

याची गरज किती, याचा आकडा हवा असेल तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास चौघींमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं होतं.

एखाद्या जाहिरातीने पुरुष खरंच बदलले, असं एक तरी उदाहरण आहे का?

बदलले की नाही ते ठाऊक नाही, पण उठून आले असं एक आहे, आणि ते मुंबईतलं आहे. १९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे, आणि ते थांबवायला मदत करू इच्छिणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय. दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी. कॉलेजच्या मुलांशी लैंगिकता, नातेसंबंध, राग या विषयांवर बोलणं हे काम ही संस्था करत आली, आणि ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा दिवाळी अंकही तिने काढला. पुरुषांनी पुरुषपणावर लिहिलेला दिवाळी अंक!

ना तारका, ना संगीत, ना काही विकायला. त्या चार ओळींनी पुरुषाकडून त्याचं नाव, पत्ता आणि वेळ मागितला. गाजलेल्या फिल्म पाहून झालं की मी हेच शोधते: यातल्या पुरुषाने नेमकं काय करायचंय? एक बेल वाजवायची आहे, अर्धे कपडे धुवायचे आहेत, की नुसतं भारावून जायचंय?

रेमंडचा ‘कम्प्लीट मॅन’ तर आपल्याकडे फार आधीपासून हळवा होता. त्याचं श्रेय कुणी का देत नाही?

द्यायला हवं. ठाण्याच्या गिरणीपासून नाव कमावलेल्या रेमंडने नव्वदच्या दशकात सुटाबुटातला जो पुरुष दाखवला, तो बाळाला कुशीत घेत होता, म्हाताऱ्या शिक्षकांना भेटत होता, आणि मागे शूमानची संथ सुरावट. समोर कोण? त्याच काळातला हिंदी सिनेमातला खुनशी प्रेमिक. त्या तुलनेत हा माणूस भलताच वेगळा होता. पुढे तर नोकरीला निघालेल्या बायकोसाठी बाळाजवळ थांबणाराही दाखवला. अडचण एवढीच की हळवेपणाची किंमत एका उंची सुटाएवढी होती. ठाण्याहून लोकलला लटकून येणाऱ्याला तो पुरुष आपला वाटणं कठीण.

जाहिरातींत आता पुरुषच वेंधळे दाखवतात. तो अन्याय नाही का?

आहे. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून हानिकारक लिंगभेदी साच्यांवर बंदीचा नियम लागू झाला. त्याखाली ऑगस्टमध्ये पहिल्यांदा अडकलेल्या दोन जाहिरातींपैकी एक फिलाडेल्फिया चीजची होती. दोन नवे बाप खाण्यात इतके गुंगतात की बाळं सरकत्या पट्ट्यावर निघून जातात. बापांना मुलं सांभाळता येत नाहीत असा समज यातून पसरतो, म्हणून ती बंद केली. ‘त्याला काही जमत नाही, तूच कर’ हा विनोद पुरुषाची चेष्टा करतो असं वाटतं, पण शेवटी पोतेरं बाईच्याच हातात राहतं.

पुरुषांच्या दुःखाबद्दल कोण बोलणार?

हा प्रश्न बहुतेकदा चर्चा बंद पाडायला विचारतात, पण प्रश्न खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांत पुरुष सुमारे ७२ टक्के. राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, २२,७४६. कर्ज, पीक, बेकारी, आजार, व्यसन अशी कारणं अनेक. त्या सगळ्यांवर एक झाकण असतं: घरात सांगायचं नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही.

आता एचडीएफसी लाइफचं ‘सर उठा के जियो’ आठवा. कुणावर अवलंबून न राहणाऱ्या स्वाभिमानी माणसाचं कौतुक. विमा घ्यावा, जरूर घ्यावा. पण ज्याला मदत मागणंच मरणप्राय वाटतं, त्याच्याच त्या भावनेवर हप्ता ठरतो. विषारी पुरुषत्वावरच्या चर्चेत डिओच्या जाहिराती येतात, विम्याच्या येत नाहीत. यायला हव्यात.

नफ्यासाठी केलेलं सगळं ढोंगच नाही का?

युनिलिव्हर एका हाताने डव्हमधून बायकांना स्वतःवर प्रेम करायला शिकवत होती आणि दुसऱ्या हाताने अ‍ॅक्स या डिओचा फवारा मारताच बायका धावत येतात असं दाखवत होती. तिसऱ्या हातात फेअर अँड लव्हली, जिचं नाव २०२० मध्ये बदललं. पुढे अ‍ॅक्सचाही सूर २०१६ पासून पालटला. ढोंग म्हणा हवं तर. मला हेतूपेक्षा सातत्य महत्त्वाचं वाटतं: एक जाहिरात गौरवाची आणि उरलेल्या दहा जुन्याच, की अकराही बदलल्या?

स्पर्धेत या विषयावर बोलायचंय. काय टाळू?

आठ अब्जांचा आकडा, दोन्ही बाजूंनी. ‘आपल्या संस्कृतीत हे नव्हतंच’ हे वाक्य. आणि फक्त अमेरिकेची उदाहरणं. परीक्षक ती आधीच्या पाच जणांकडून ऐकून बसलेले असतात.

एखादी जाहिरात फारच खटकली तर तक्रार कुठे करायची?

अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ‘अ‍ॅस्की’कडे. १९८५ मध्ये स्थापन झालेली ही जाहिरात उद्योगाचीच संस्था, मुख्यालय मुंबईत. दंड करण्याचा अधिकार तिला नाही, पण केबल टीव्हीच्या नियमांनुसार तिची आचारसंहिता मोडणारी जाहिरात वाहिन्यांना दाखवता येत नाही.

जून २०२२ मध्ये लेयर शॉट या डिओच्या दोन जाहिरातींनी सामूहिक बलात्काराच्या भीतीवर विनोद केला. अ‍ॅस्कीने त्या तातडीने थांबवायला लावल्या, माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला त्या काढायला सांगितल्या, कंपनीने माफी मागितली. त्याच आठवड्यात अ‍ॅस्कीच्या लिंगभेदी साच्यांबद्दलच्या मार्गदर्शक सूचना जाहीर झाल्या. बाई घर झाडताना दाखवली म्हणून त्या आक्षेप घेत नाहीत. ते काम तिचंच असं सुचवलं, किंवा साच्यात न बसणाऱ्या माणसाची टिंगल केली, तर घेतात. मुलग्याला ‘मुलीसारखा’ म्हणून हिणवणारी जाहिरातही यात बसते.

तक्रार संस्थेच्या संकेतस्थळावरून करता येते आणि ग्राहकाला पैसे पडत नाहीत. जाहिरात कुठे आणि केव्हा पाहिली ते लिहा, जमल्यास स्क्रीनशॉट जोडा. ‘समाजावर वाईट परिणाम होतो’ एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या दृश्यात कुणाला काय म्हटलं, ते शब्द जसेच्या तसे उतरवा.